घराचं काम देताय? कॉन्ट्रॅक्टरचं लायसन आणि विमा बघताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या घरावर वरचा मजला चढवला तेव्हा कॉन्ट्रॅक्टरनं पहिल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर विम्याचा कागद टाकला, कंपनीचा लोगो, खाली शिक्का, आणि आम्ही बघितल्यासारखं करून पुढं गेलो. सेंट्रिंगवरनं, म्हणजे स्लॅबसाठी लावलेल्या फळ्यांवरनं, एक पोरगा घसरला, पाय मोडला, तेव्हा फोटो मोठा करून बघितला तर वर बारीक अक्षरात 'कोटेशन' लिहिलेलं. म्हणजे पॉलिसी काढलीच नव्हती, नुसता भाव विचारून ठेवलेला. हॉस्पिटलचं निम्मं बिल आम्ही भरलं, त्याच्या आईसमोर दुसरं काय बोलणार.

प्रीमियम भरल्याशिवाय विमा लागू होत नाही, विमा कायद्यातच तसं आहे, त्यामुळं कोटेशन किंवा प्रपोजल फॉर्म दाखवला तर तो विमा नव्हे. पॉलिसी नंबर मागून घ्या आणि विमा कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर काढून फोन लावा, कागदावर छापलेल्या नंबरवर नको.

कामावर इजा झाली तर भरपाई देणाऱ्या कामगारांच्या पॉलिसीला सगळे डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) म्हणतात. ती खरी असली तरी आत वाचा, कारण पाच माणसांची पॉलिसी आणि साइटवर बारा जण, किंवा पॉलिसी रंगकामाची आणि माणसं स्लॅबवर, असं सर्रास असतं आणि क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं. सेंट्रिंगवाले, फरशीवाले बहुतेक पोटठेकेदाराचे असतात, ते त्यात धरलेत का हे तोंडावर विचारा. आणि तारीख बघाच. आपल्याकडं जूनमध्ये पाऊस लागला की काम लांबतंय, उन्हाळ्यात काढलेली तीन-चार महिन्यांची पॉलिसी मधेच संपते आणि फळ्या शेवाळून निसरड्या झालेल्या असतात तेव्हाच नेमका विमा नसतो.

लायसनचा घोळ वेगळा. "पीडब्ल्यूडीचं रजिस्ट्रेशन आहे" म्हणतात, पण ते सार्वजनिक बांधकाम खात्याचं, सरकारी कामांसाठी असतं, तुमच्या घराच्या कामाची हमी त्यात नाही. वायरिंगला मात्र इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन लागतंच, महावितरणचं नवीन कनेक्शन घेताना त्याचाच टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. वायरमनचं परमिट म्हणजे ते लायसन नव्हे. बरेचदा लायसन एकाचं आणि काम करणारा दुसराच असतो, म्हणून लायसनवरचं नाव, बिलावरचं नाव आणि तुम्ही पैसे पाठवताय त्या खात्यावरचं नाव जुळवून बघा, रिन्यूची तारीखही.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, पुढं दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की चालू आहे का रद्द झालाय ते लगेच दिसतं. पण तेवढ्यावर भागवू नका, लायसन आणि विमा वेगळे बघायचेच.

परवा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तिघांना बोलावलं. एक जण रागावला, "एवढा विश्वास नाही होय?" मी त्याला त्या पोराच्या पायाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पॉलिसी घेऊन आला, सहा माणसांची, आमच्याच पत्त्यावरची.