सीझियमच्या गोलावर थर चढवला, पण दिसेना

सीझियमजेएस ही ब्राउझरमध्ये पृथ्वीचा त्रिमितीय गोल दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिच्या गोलावर जुन्या नकाशाचा थर चढवला. कन्सोलमध्ये एकही एरर नाही, तरी थर गायब. दोष क्रमाचा निघाला. इमेजरी-लेयर्स संग्रहात ० क्रमांकाचा थर सर्वांत खाली असतो आणि नंतर जोडलेला त्याच्यावर बसतो. उपग्रहचित्र मागाहून जोडलं गेलं होतं, त्याने नकाशा झाकला. नकाशावर रेझ-टू-टॉप चालवलं, तो वर आला.

आला खरा, पण तुकडे भलत्याच जागी! टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, टीएमएस या क्रमांकपद्धतीच्या होत्या. तिथे ओळी खालून मोजतात, नेहमीच्या एक्स-वाय-झेडमध्ये वरून. झूम ३ वर ओळी ० ते ७. वरून २ नंबरची टाइल खालून ५ नंबरची ठरते. यूआरएलच्या साच्यात महिरपी कंसातला 'वाय' (ओळीचा क्रमांक) काढून 'रिव्हर्स-वाय' टाकला, नकाशा जागेवर बसला.

जवळ गेलं की ४०४ ('सापडलं नाही') या एररचा पाऊस. टाइल्स झूम १६ पर्यंतच असतील तर मॅक्सिमम-लेव्हल १६ द्या; पुढे तीच चित्रं ताणून दिसतात. रेक्टँगल, म्हणजे नकाशाच्या क्षेत्राच्या सीमा, याही द्या, म्हणजे नकाशाबाहेरच्या टाइल्स मागवल्या जात नाहीत. मिनिमम-लेव्हलला मात्र शक्यतो हात लावू नका. मोठ्या क्षेत्रावर ते वाढवलं, तर लांबून पाहतानाही टाइल्सचा ढीग मागवला जातो.

शेवटी थराचा अल्फा (अपारदर्शकता) ०.६ ठेवला, तर पडद्यावर काहीच हलेना. रिक्वेस्ट-रेंडर-मोड, म्हणजे गरजेपुरतंच चित्र पुन्हा काढायची सोय, चालू होता. त्यात मूल्य बदलल्यावर सीनचं रिक्वेस्ट-रेंडर स्वतः बोलवावं लागतं.