खळ्यात दोन गाड्या असतील तर विमा असा घ्या

घरात दुसरी गाडी आली की बहुतेक जण एजंटला पहिल्या गाडीची पॉलिसी देतात आणि 'हिच्यासारखीच करा' सांगतात. मग एकाच गोष्टीचे पैसे दोनदा जातात आणि पावसाळ्यात लागणारं कव्हर मात्र राहून जातं. विम्यातल्या काही गोष्टी मालकाच्या असतात, काही गाडीच्या. आधी दोन्ही आरसी आणि पॉलिसी समोर घ्या. प्रत्येक गाडीचा मालक, मुदत, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) एका कागदावर उतरवा.

गाडी चालवणाऱ्या मालकासाठी पॉलिसीत असलेलं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर मालकाचं, गाडीचं नव्हे. दोन्ही गाड्या एकाच्याच नावावर असतील तर ते एकदाच पुरतं. 2019 पासून ही सोय आहे. दुसऱ्या पॉलिसीतून ते काढायला सांगा आणि पहिलीची प्रत जोडा. एक गाडी सासऱ्यांच्या, दुसरी सुनेच्या नावावर असेल तर दोघांनाही वेगळं घ्यावं लागतं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या : गाडी बाबांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर या कव्हरमधून मुलाला काहीच मिळत नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी काढाच.

नो क्लेम बोनसही मालकाचाच, पण प्रत्येक गाडीचा वेगळा जमतो : पहिल्या वर्षी 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. जुनी गाडी विकताना कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घ्या. ते 3 वर्षं चालतं आणि त्याच मालकाने बदल्यात घेतलेल्या गाडीला लागतं. नवी गाडी बायकोच्या नावावर घेतलीत तर बोनस तिकडे जात नाही.

किरकोळ क्लेमचा हिशोब आधी करा. समजा, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही आणि नवा बंपर 6,000 रुपयांचा. प्लॅस्टिक म्हणून निम्मे घसाऱ्यात गेले, राहिले 3,000. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला मालकाने सोसायची रक्कम, 1,000. हातात आले 2,000. आता त्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता 12,000 आणि बोनस 50 टक्के असेल, तर पुढच्या वर्षी 6,000 ची सूट गेली. असा बंपर पदरच्या पैशाने बदलावा.

थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचा विमा, मात्र प्रत्येक गाडीला हवीच, गावच्या घरी वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीलासुद्धा.

आता पावसाचं. पूर, वादळ, बोनेटवर पडलेला नारळ किंवा माडाची झावळ, हे फुल इन्शुरन्समध्ये, म्हणजे थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या पॉलिसीत येतं. काचेवर घसाराही कापत नाहीत. खाऱ्या हवेने पत्र्याला धरलेला गंज कुठल्याच पॉलिसीत येत नाही. खरा फटका इंजिनाचा. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं तसं पाणी गाडीत गेलं आणि कोणी स्टार्टर मारला, तर सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान नाकारलं जातं, त्याला इंजिन प्रोटेक्शन हे जादा कव्हर लागतं. दोन्ही गाड्यांना परवडत नसेल तर खाडीकाठी किंवा सखल जागी उभी राहणाऱ्या गाडीला आधी घ्या. पाणी शिरलंच तर चावी फिरवू नका. पाण्याच्या खुणेचे फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच न्या.

दुसरी गाडी सीझनला पर्यटकांना भाड्याने देता, की भाडं घेऊन आंब्याच्या पेट्या पोचवता? खासगी पॉलिसीत ते बसत नाही, आणि अपघात झाला की क्लेम तिथेच अडतो.

जुलै 2022 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने फ्लोटर पॉलिसीला, म्हणजे एकाच मालकाच्या अनेक गाड्यांसाठी एकाच पॉलिसीला परवानगी दिली. यात दुचाकीही बसते. ती घेताना एका गाडीच्या क्लेमचा बाकीच्यांच्या बोनसवर काय परिणाम होतो, ते लेखी मागा.

आणि मुदत चुकवू नका. पॉलिसी संपून 90 दिवस गेले की जमलेला बोनस जातो. खंड पडला की कंपनी गाडी तपासल्याशिवाय फुल इन्शुरन्स देत नाही. गाडी गावी आणि मालक मुंबईत असेल तर ही तपासणी पावसात रखडते. जून-जुलैत संपणाऱ्या पॉलिसीचं नूतनीकरण मे महिन्यातच, गाडी समोर असताना उरका.