नाशिकमध्ये लोगोचा धंदा: फ्लेक्सवाल्याच्या पुढे कसं जायचं

नाशिकमध्ये लोगोचं काम शोधायला बाहेर पडलात की पहिली गाठ दुसऱ्या डिझायनरशी पडत नाही, फ्लेक्सवाल्याशी पडते. बोर्ड घ्या, लोगो फुकट. त्याच्याकडे कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर असतं, श्री-लिपीचे फॉन्ट असतात आणि चहा येईपर्यंत तो द्राक्षाचा घड, दोन पानं आणि खाली तिरकं नाव बसवून देतो. भावात त्याच्याशी झुंजायला जाऊ नका, हराल. त्याच्याकडे मिळत नाही ते विका: बोर्डावर, खोक्यावर, रबरी शिक्क्यावर, युनिफॉर्मच्या खिशावर आणि व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत सारखंच ओळखू येणारं चिन्ह.

या शहरात डिझायनरचं नाव इन्स्टाग्रामपेक्षा छापणाऱ्यांच्या तोंडून जास्त पसरतं. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतला कारखानदार बॉक्सवाल्यालाच विचारतो, "डिझाइन कुणाकडून करून घेऊ?" आणि बॉक्सवाला ज्याच्या फाईलनं कधी डोकं खाल्लं नाही, त्याचा नंबर देतो. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन महिने एखाद्या ऑफसेट प्रेसवर, एका बोर्डवाल्याकडे आणि जमलं तर खोक्यांच्या कारखान्यात उभं राहून बघण्यात घालवा. विचारलं तर बहुतेक जण उभं राहू देतात. दुपारी जा, सकाळी कुणालाच वेळ नसतो.

तिथं काय बघायचं? खोक्यापासून सुरू करा, कारण निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्षपट्ट्यात तेच काम जास्त आहे. कोरुगेटेड, म्हणजे पन्हळी पुठ्ठ्याच्या, खोक्यावर फ्लेक्सो पद्धतीनं छापतात. त्याची प्लेट, म्हणजे बॉक्सवाल्यांच्या भाषेत स्टिरिओ, मऊ असते. दाबाखाली शाई कडेला पसरते आणि आतल्या कागदाच्या नळ्यांमुळे दाबही सगळीकडे सारखा बसत नाही. त्यामुळे स्क्रीनवर नाजूक दिसणारी पानाची शीर खोक्यावर जाड होते आणि रंगातून कोरून काढलेली पांढरी रेष बुजून जाते. साधी रेष १ पॉइंटपेक्षा बारीक ठेवू नका, कोरलेली रेष २ पॉइंटच्या खाली नेऊ नका. खोकं तपकिरी क्राफ्टचं असेल तर पांढरा भाग पांढरा राहत नाही, तो कागदाचाच रंग घेतो. पिवळा जवळजवळ दिसेनासा होतो. प्रत्येक रंगाला वेगळा स्टिरिओ, म्हणजे वेगळा खर्च. म्हणून लोगो आधी एका रंगात, काळ्यात, उभा करा. काळ्यात उभा राहत नसेल तर ग्रेडियंट, म्हणजे रंगांची चढउतार, लावून तो वाचत नाही.

आणि वेळ सांभाळा. द्राक्षाचा मुख्य हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. खोक्यांची छपाई त्याच्या आधी ठरते, त्यामुळे ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत बागायतदार लोगोबद्दल ऐकून घेणार नाही आणि डिसेंबरात त्याला उद्याच हवा असतो. बोलणं ऑगस्टमध्ये सुरू करा.

बोर्डाचं गणित वेगळंच. सध्या एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या, शीटवर ॲक्रिलिकची एलईडी अक्षरं बसवायची पद्धत आहे. अक्षराचा दंड २५ मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर आत एलईडी मॉड्यूल नीट बसत नाही, उजेड ठिपक्याठिपक्यांचा पडतो. देवनागरीत आणखी एक भानगड आहे. शिरोरेषेमुळे आख्खा शब्द एकच डबा होतो, तर अनुस्वाराचा ठिपका सुटा पडतो. त्याला वेगळं भोक, वेगळी वायर, आणि दोन पावसाळ्यांनंतर पहिला तोच बंद पडतो. 'आनंद'चा 'आनद' झालेला बोर्ड डोळ्यांसमोर आणा. मोठ्या बोर्डासाठी ठिपका शिरोरेषेला हलकाच जोडलेला पर्याय आधीच काढून ठेवला तर बोर्डवाला तुमचं नाव विसरत नाही.

भरतकामाला फाईल देताना खिशावरचा लोगो साधारण साडेतीन इंच रुंद धरतात. त्यात मात्रा-वेलांट्या सोडून अक्षराची उंची ८ मिलिमीटर तरी हवी, नाहीतर दोऱ्यात 'ष' आणि 'प' सारखेच दिसतात. दर टाक्यांवर असतो, त्यामुळे भरीव चौकोनातून कोरून काढलेलं अक्षर म्हणजे ग्राहकाच्या खिशाला कात्री. पंचिंग करणाऱ्याला, म्हणजे भरतकामाच्या यंत्रासाठी टाक्यांची फाईल बनवणाऱ्याला, त्या मापाची सोपी केलेली आकृती वेगळी द्या.

रंगाबद्दल दोनच गोष्टी, पण या दोन चुका सगळ्यात जास्त होतात. निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, सायन १०० टक्के, मॅजेंटा १०० टक्के असा दिला की कागदावर जांभळा येतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३०नं कमी ठेवा. आणि स्क्रीनवरचा झळझळीत भगवा छपाईत तसा येतच नाही, त्यामुळे ग्राहकाला मोबाईलवर दाखवण्याआधी छापील नमुना दाखवा. मोबाईलवर एकदा पसंत पडला की पुढची भांडणं तुमच्या अंगावर.

आता अक्षरांकडे. महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीनंतर सगळ्याच दुकानांना आणि आस्थापनांना देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक आहे. मराठी नाव आधी हवं आणि त्याचा आकार इतर भाषेतल्या नावापेक्षा लहान चालत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं. तरीही बहुतेक डिझायनर इंग्रजी लोगो करतात आणि मराठी नाव मिळेल त्या फॉन्टमध्ये खाली चिकटवतात. तुमची खरी संधी इथं आहे. इंग्रजी आणि मराठी दोन्ही नावं एका हातची वाटली पाहिजेत: दंडाची जाडी, टोकांचा कापा, गोलाई एकाच घराण्यातली. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर रेघ ओढून ती देवनागरीसारखी भासवायचा मोह टाळा, ते लग्नाच्या बँडच्या पाटीसारखं दिसतं.

देवनागरी टाइप करताना इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी इंडिक पर्याय चालू करा आणि परिच्छेदासाठी साउथ एशियन, म्हणजे नव्या आवृत्तीत वर्ल्ड-रेडी, कंपोझर निवडा. तो नसला की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त दिसतात. 'कऱ्हाडी मसाला'चा 'कर्हाडी' होऊ देऊ नका, चंद्रकोरीसारखा अर्धा र टाइप करायला नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ लागतो. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात की मराठी, हे प्रत्येक फॉन्टमध्ये तपासा. गिऱ्हाइकाला नेमकं सांगता येत नाही, पण 'काहीतरी वेगळंच वाटतंय' एवढं कळतंच. बारीक आकारात आधी बुजतात ते ण, क्ष आणि श्र. १२ मिलिमीटर रुंदीत छापून हातभर अंतरावरून वाचा. सुट्या अक्षरांचा सराव करायचा असेल तर मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं वहीत उतरवून बघा. नक्कल विकायची नाही, हात तयार करायचा.

फॉन्टचा परवानाही बघा. 'मुक्त', 'बलू', 'हिंद' यांसारखे ओपन फॉन्ट लायसन्सचे फॉन्ट व्यावसायिक लोगोत चालतात. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेला चालत नाही. कॅनव्हाच्या तयार चित्रांचा लोगो तर ट्रेडमार्कला निरुपयोगी, कारण तेच चित्र उद्या दुसऱ्या कुणाच्याही लोगोत असू शकतं.

ट्रेडमार्कची जुजबी माहिती नसेल तर कारखानदारासमोर तोंडघशी पडाल. स्केच दाखवण्याआधी आयपी इंडियाच्या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधा. शोध फुकट आहे, आणि उच्चाराच्या साम्यावरूनही शोधता येतं. माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत: ताजी द्राक्षं ३१, बेदाणे २९, चिवडा ३०, वाइन ३३, साड्या २५, उपाहारगृह ४३. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नोंदणी १० वर्षं टिकते, मग नूतनीकरण. अर्ज वकिलाला करू द्या, तुमचं काम फक्त धोका आधी दाखवायचं. नोंदणी होण्याआधी लोगोवर वर्तुळातला आर टाकायचा नाही, तो गुन्हा आहे. टीएम चालतं.

दोन गोष्टींना सरळ नकार द्या. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र १९५०च्या बोधचिन्हं आणि नावं कायद्याच्या यादीत आहे, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्यासाठी वापरता येत नाही. आणि मेडिकलवाल्याला लाल क्रॉस हवा असतो. तोही कायद्यानं राखीव आहे. हिरवा क्रॉस सुचवा, किंवा खरंतर क्रॉसच सोडा, गल्लीत आधीच चार असतात.

पैशांबद्दल. दर दुसऱ्यांना विचारून ठरवू नका, कागदावर मांडा. समजा घर आणि धंदा मिळून महिन्याला ४०,००० रुपये लागतात. पंचवीस दिवस, आठ तास, म्हणजे २०० तास. त्यातले निम्मे भेटी, फोन आणि वसुलीत जातात. उरले १००. तासाला ४०० पडले. नीट केलेल्या लोगोला माहिती घेण्यात ३, स्केचला ८, रेखाटनाला १०, मांडणीला ४ आणि दुरुस्त्या-फायलींना ५ असे ३० तास लागतात. म्हणजे १२,०००. तोच लोगो ३,०००ला घेतलात तर तासाला १०० रुपयांत राबताय, आणि महिन्याला तीनच बसतात. ओळखीतला म्हणून कमी करायचं असेल तर दर कमी करू नका, काम कमी करा: तीनऐवजी एकच संकल्पना, एकच दुरुस्ती.

निम्मी रक्कम आधी, उरलेली अंतिम फायली देण्याआधी. तोपर्यंत फक्त कमी रिझोल्यूशनची चित्रं. दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोन, हे कोटेशनमध्येच लिहा. आणि पहिल्याच भेटीत विचारा, "शेवटचा शब्द कुणाचा?" मुलगा एमबीए करून आलेला असतो, तो तीन आठवडे चर्चा करतो. मग एक दिवस काका येतात, गणपती कुठंय म्हणून विचारतात आणि सगळं पहिल्यापासून. काकांना पहिल्याच भेटीत बसवा.

कंपन्यांचं काम घेणार असाल तर सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी करून घ्या. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, पैसे मागणारा दलाल असतो. नोंदणी असली की लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसताना १५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. मुदत उलटली की ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, हे त्याच्या सीएला पक्कं माहीत असतं. त्यामुळे आठवण मालकाला नको, लेखा विभागाला पाठवा, उद्यम क्रमांक बिलावर छापून. जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, पुढे १८ टक्के.

हक्क कुणाचे हे लिहून द्या. लोगोचा कॉपीराइट ग्राहकाच्या नावे करताना सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. द्राक्षं नेदरलँड्सला पाठवणाऱ्या निर्यातदाराला असा अर्धवट कागद देणं म्हणजे सहाव्या वर्षी फोन यायची सोय करून ठेवणं. 'पूर्ण मोबदला मिळाल्यावर, कायमस्वरूपी, जगभरासाठी' हे शब्द त्यात हवेतच. स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवायचा हक्क मात्र राखून ठेवा.

फायली देताना फोल्डरमध्ये एवढं हवं: पीडीएफ, एसव्हीजी, पारदर्शक पीएनजी, आणि कोरलसाठी जुन्या आवृत्तीत उतरवलेली सीडीआर, कारण प्रेसवरचं कोरल कित्येक वर्षं मागचं असतं. सगळी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, बदललेली. नाही बदलली तर प्रेसवर तुमच्या फॉन्टच्या जागी भलताच येतो आणि पाच हजार कॅरीबॅग छापून झाल्यावर कळतं. बारीक काळा मजकूर फक्त के १००मध्ये, म्हणजे एकट्या काळ्या शाईत. पारदर्शकता आणि सावल्या इलस्ट्रेटरमधून कोरलमध्ये जाताना फुटतात, म्हणून लोगोत त्या ठेवूच नका. फाईलच्या नावात 'फायनल' लिहू नका. रंग, आकार आणि तारीख लिहा.

पोर्टफोलिओला सहा ते आठ कामं पुरतात. जगप्रसिद्ध कंपन्यांचे लोगो पुन्हा करून दाखवणं वाया. त्यापेक्षा रविवार कारंजावरचा मसाल्याचा ठेला, येवल्याचा पैठणी विणकर, गंगापूर रोडवरचा दातांचा दवाखाना असे काल्पनिक पण ओळखीचे धंदे घ्या, ते काल्पनिक आहेत हे लिहा, आणि प्रत्येकाचं काळं रूप, तपकिरी खोक्यावरचं रूप आणि १६ पिक्सेलचं रूप दाखवा. सातपूरचा मालक मॉकअपमधला संगमरवरी कॉफी कप बघत नाही, आपल्या टेम्पोच्या मागच्या दारावर काय दिसेल ते बघतो.

वर्षाचा अंदाज बांधून ठेवा. उद्घाटनं पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याला असतात, बोर्डवाल्याला आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे तुमचं काम मुहूर्ताच्या तीन आठवडे आधी संपायला हवं. २०२७च्या सिंहस्थासाठी लॉज, ट्रॅव्हल्स आणि खानावळींची कामं येतील, ती घाईची आणि उधारीची असतात, आगाऊ रक्कम न सोडता घ्या. पितृपक्षात नवं काही येत नाही. त्या पंधरवड्यात आधीच्या ग्राहकांकडे चक्कर मारा, लागलेल्या बोर्डांचे, खोक्यांचे फोटो काढा आणि कुठं काय बिघडलंय ते बोर्डवाल्याला स्वतः दाखवा.