जुन्या शिडाच्या बोटीत लिथियम: आधी वायरिंग, बॅटरी शेवटी

२८ ते ३२ फुटी, वीस-तीस वर्षे वापरलेल्या शिडाच्या बोटीत साधारण दोन ॲसिड बॅटऱ्या, एक गोल चेंजओव्हर स्विच आणि प्रत्येक मालकाने आपापल्या परीने ओढलेल्या वायरी सापडतात. फ्रिज आणि ऑटोपायलट बसले की हे सगळे अपुरे पडते. मग नवी लिथियम बॅटरी आणून जुन्याच टर्मिनलवर चढवायचा मोह होतो. तो टाळा. मोठा भार आला की ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो आणि करंटला आपसूक लगाम लागतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तशी बसत नाही. जुने सैल जोड आणि बारीक वायरी तिच्यापुढे टिकत नाहीत. म्हणून बॅटरी सगळ्यात शेवटी विकत घ्या. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, तेव्हा वायरिंग उरकावे.

पहिले काम कागदावरचे. २४ तासांचा खर्च अँपिअर-अवरमध्ये, म्हणजे एएचमध्ये मांडा. कोकणच्या उकाड्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर दिवसाला १४ तास चालेल असे धरा: ४ अँपिअरने ५६ एएच. ऑटोपायलट ६ तास, १८ एएच. बाकीचे आकडेही एएचचेच: नकाशा दाखवणारा प्लॉटर ८, व्हीएचएफ रेडिओ ५, दोन पंखे ६, केबिनचे दिवे ५, नांगरावरचा एलईडी दिवा अडीच, फोन-टॅबलेट ६. बेरीज १०६च्या घरात जाते. दोन दिवसांचा साठा हवा आणि बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची, तर सुमारे २६५ एएच लागतात. म्हणजे १०० एएचच्या तीन बॅटऱ्या, प्रत्येकी ११ ते १३ किलो. ॲसिड बॅटरी निम्मीच वापरता येते, त्यामुळे तेवढ्याच कामाला ४०० एएचच्या वर बँक, म्हणजे बॅटऱ्यांचा संच, आणि शंभर किलोहून जास्त वजन लागते. स्वस्त पडते म्हणून घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी बोटीवर कधीही आणू नका. बोट कलली की ॲसिड सांडते.

आता वायरी. टोकापासून दोन-तीन सेंटिमीटर इन्सुलेशन सोलून पाहा. तांबे चकचकीत असेल तर ठीक. काळे असेल तर आणखी सोला, आणि तरीही काळेच निघाले तर ती वायर फेका. खारे पाणी तारांच्या फटींतून आत खेचले जाते. बाहेरून वायर धडधाकट दिसत राहते आणि आत रोध वाढत जातो. नवी वायर टिन चढवलेल्या तांब्याची, बहुतारी आणि १०५ अंश इन्सुलेशनची घ्या. घरगुती वायरिंगची साधी तांब्याची वायर दमट, खाऱ्या जागी लवकर काळी पडते.

जाडीसाठी एक सूत्र पुरेसे आहे. जाण्या-येण्याची एकूण लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५, भागिले चालेल एवढा व्होल्टेज ड्रॉप. उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये मिळते. दिशादर्शक दिवे, व्हीएचएफ आणि चार्जिंगच्या वायरींसाठी ड्रॉप ३ टक्के, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्ट. डोलकाठीच्या टोकावर जुना २५ वॅटचा बल्ब असेल आणि वायर एका बाजूने १८ मीटर असेल, तर ३.६५च्या आसपास येते, म्हणजे ४ चौरस मिमी वायर घ्यावी लागते. एलईडी लावला तर गणिताने अर्ध्या चौरस मिमीहूनही कमी पुरते. तरी दीड चौरस मिमीच घाला, कारण त्याहून बारीक वायर डोलकाठीत हेलकाव्यांनी तुटते.

लगचे, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कडीचे, जोड सोल्डर करू नका. सोल्डर तारांत वर चढून वायर कडक करते आणि कडक भाग जिथे संपतो नेमकी तिथे ती कंपनाने मोडते. टिन चढवलेला बंद तोंडाचा लग, मापाचा डाय लावलेला षटकोनी क्रिम्पर (लग वायरीवर दाबून बसवणारे हत्यार) आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी वापरा. नळी तापवल्यावर कडेने गोंदाची बारीक रेघ बाहेर आली की जोड बंद झाला. बसवताना लग थेट टर्मिनलच्या पृष्ठभागावर टेकला पाहिजे. वॉशर लगच्या वर येतो. स्टीलचा वॉशर लगच्या खाली गेला तर सगळा करंट त्यातून जातो आणि टर्मिनल वितळेपर्यंत तापू शकते. ही चूक फार आढळते.

फ्यूजमध्ये काटकसर नको. तीन लिथियम बॅटऱ्यांचा शॉर्ट हजारो अँपिअरचा असतो. साधा फ्यूज उडाला तरी आतला आर्क, म्हणजे विजेची ज्योत, विझेलच असे नाही. मुख्य फ्यूज २०,००० अँपिअर तोडू शकणारा टी-क्लास घ्या. तो बॅटरीपासून सुमारे १८ सेंटिमीटरच्या आत लावा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कुणाचेच संरक्षण नसते. हजार वॅटचा इन्व्हर्टर १०० अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला ३५ चौरस मिमी वायर आणि १२५चा फ्यूज, तर मुख्य वायर ५० चौरस मिमी आणि फ्यूज २००चा. तिन्ही बॅटऱ्यांना वेगवेगळा फ्यूज द्या आणि त्यांच्या वायरी सारख्याच लांबीच्या ठेवून एका बसबारवर, म्हणजे धातूच्या सामाईक पट्टीवर, आणा. लांबी कमी-जास्त झाली की एकीवर जास्त भार पडतो. निगेटिव्हच्या बाजूला बॅटऱ्यांनंतर फक्त शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा भाग), बाकी सारे शंटच्या पलीकडे. लिथियमचा व्होल्टेज बराच काळ १३.२-१३.३वर अडून बसतो, त्यामुळे व्होल्टमीटरवरून चार्ज कळत नाही. ते काम शंटचेच.

किनाऱ्यावरची २३० व्होल्टची लाइन घेत असाल, तर आपल्याकडे फेजची वायर लाल असते आणि डीसीची पॉझिटिव्हही लाल. दोन्हींचे पॅनल स्वतंत्र, झाकलेले आणि लेबल लावलेले ठेवा. यात चूक झाली तर जीव जाऊ शकतो.

लिथियम बसवल्यावर सगळ्यात जास्त मार अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवरच्या जनित्राला, बसतो. ५०-६० अँपिअरचा जुना अल्टरनेटर पूर्ण भार तासन्‌तास सोसण्यासाठी बनवलेलाच नसतो, आणि मंद वेगात त्याचा पंखाही पुरत नाही. त्यात बॅटरीच्या बीएमएसने, म्हणजे आतल्या संरक्षक सर्किटने, मध्येच सर्किट तोडले, तर व्होल्टेज उसळून त्याचे डायोड जळतात. यावर खात्रीचा मार्ग म्हणजे इंजिन सुरू करणारी ॲसिड बॅटरी आहे तशीच ठेवणे, अल्टरनेटर फक्त तिलाच जोडणे आणि तिच्यापासून लिथियम बँकेकडे ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावणे. तो आत ३८ अँपिअरच्या आसपास घेतो. ३ मीटर अंतराला १६ चौरस मिमी वायर आणि दोन्ही टोकांना ६०चा फ्यूज लागतो. चार्जर इंजिन खोलीच्या उष्णतेत बसवू नका, आणि बॅटऱ्याही नकोत.

जोडण्याआधी तिन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा आणि काही तास राहू द्या. व्होल्टेजमध्ये ०.१ पेक्षा जास्त फरक नसेल तरच समांतर जोडा. चार्जरवर १४.२ ते १४.४ व्होल्ट, फ्लोट (भरल्यानंतरचा व्होल्टेज) १३.५, इक्वलायझेशन (ॲसिड बॅटरीसाठीचे मुद्दाम जादा चार्जिंग) बंद, तापमान भरपाई शून्य. सोलरच्या एमपीपीटी चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. काढताना उलट क्रम.

बीएमएसने बँक तोडली तर काय चालू राहणार, हे आधीच ठरवा. व्हीएचएफ आणि दिशादर्शक दिवे एका स्विचने ॲसिड बॅटरीवर नेता आले पाहिजेत. तळाचे पाणी उपसणारा स्वयंचलित पंप मुख्य स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर घ्या. नाहीतर स्विच बंद करून घरी गेलात की पंपही बंद.

शेवटी इन्व्हर्टरवर मोठा भार टाका आणि मल्टिमीटर मिलीव्होल्टवर ठेवून प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना टोके लावा. १०० अँपिअरला १० मिलीव्होल्टच्या आसपास ठीक. ५० दिसले तर त्या एका जोडात ५ वॅट उष्णता तयार होते आहे, तो उघडून पुन्हा करा. महिन्याभराने सगळे नट एकदा तपासा. टर्मिनलचा टॉर्क बॅटरीच्या पुस्तिकेत असतो, तेवढाच द्या.

पावसाळ्यात बोट बांधून ठेवताना लिथियम बँक ५० ते ६० टक्क्यांवर आणून मुख्य स्विच बंद करा. सोलर आणि चार्जरही सोडवा. ॲसिड बॅटरी मात्र पूर्ण चार्ज करून ठेवा.