पोर्ट्रेटचा विद्यार्थी पोर्टफोलिओ: माणसं निवडण्यापासून प्रिंटपर्यंत

वीस वेगवेगळ्या माणसांचे एकेक फोटो जमवले की पोर्टफोलिओ झाला, असं बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं. असा संग्रह विस्कळीत दिसतो. त्यातला प्रत्येक फोटो पहिल्या भेटीतला असतो आणि पहिल्या भेटीत बहुतेक जण कॅमेऱ्यासाठी ठेवणीतला चेहरा करतात. त्यापेक्षा पाच-सहा माणसं निवडा आणि प्रत्येकाकडे किमान तीनदा जा. दुसऱ्या खेपेला जाताना पहिल्या वेळचे दोन-तीन प्रिंट सोबत न्या. आपण फोटोत कसे दिसतो हे पाहिलेला माणूस पुढच्या वेळी बराच सैल होतो, आणि काय जमलं नाही हे तुम्हालाही कळलेलं असतं.

विषय एका वाक्यात लिहून काढा. ‘माणसांचे चेहरे’ एवढ्यावर काम सुरू होत नाही. ‘रात्रपाळी करून घरी परतलेली माणसं’ किंवा ‘एकाच घरातल्या तीन पिढ्या’ म्हटलं की कुठे जायचं, किती वाजता जायचं, काय टिपायचं ते आपोआप ठरतं.

मग एक बंधन घालून घ्या आणि शेवटपर्यंत पाळा: एकच पार्श्वभूमी, एकच प्रकारचा प्रकाश किंवा कॅमेऱ्यापासून एकच अंतर. छायाचित्रकार अर्विंग पेन यांनी १९४८ मध्ये स्टुडिओत दोन उभे फलक जोडून एक अरुंद कोपरा तयार केला आणि नामवंतांना त्यात उभं केलं. कोपरा तोच, कुणी त्यात रेलून उभं राहिलं, कुणी अंग चोरून. अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडॉन यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या लोकांचे फोटो काढताना सावलीत पांढरा कागद लावला आणि माणसांना त्यापुढे उभं केलं. छायाचित्रकार ऑगस्ट झांडर यांच्या फोटोंतली जर्मन माणसं आपापल्या व्यवसायाच्या वेषात, बरेचदा अवजारांसह, शांतपणे कॅमेऱ्याकडे बघतात. बाकी सगळं स्थिर राहिलं की माणसामाणसातला फरक ठळक होतो. विद्यार्थ्याला याचा आणखी एक फायदा: बंधन असलं की चूक नेमकी कुठे झाली ते सापडतं.

पहिला फोटो काढण्याआधी लेखी संमती घ्या. फोटो कुठे वापरणार (परीक्षा, प्रदर्शन, इंटरनेट) हे त्यात वेगवेगळं लिहा, म्हणजे एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणायची सोय राहते. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची सही हवीच, पण मुलालाही विचारा.

कॅमेरा आणि अंतर

महागडी लेन्स लागत नाही. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमी पुरेशी आहे. चेहरा बेढब दिसतो तो अंतरामुळे. अर्ध्या मीटरवरून फोटो काढला की नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात, मग लेन्स कुठलीही असो. किमान दीड मीटर दूर उभे राहा. मोबाइलवर काढत असाल तरी हेच करा: दोन पावलं मागे सरका आणि दुप्पट झूम वापरा.

ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र, पूर्ण उघडायचा मोह टाळा. एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. ८५ मिमी लेन्स, दीड मीटर अंतर आणि एफ/१.८ असेल तर फुल-फ्रेमवर स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम ३ सेंटीमीटरचा असतो. चेहरा जरा वळला की एक डोळा धारदार आणि दुसरा धूसर. एफ/४ ला तोच पट्टा सुमारे सात सेंटीमीटर होतो, त्यात दोन्ही डोळे सहसा बसतात. फोकस नेहमी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. मधल्या बिंदूवर फोकस धरून मग फ्रेम सरकवू नका, तेवढ्या हालचालीनेही फोकस हलतो. फोकसचा बिंदूच डोळ्यावर न्या.

खिडकीचा प्रकाश

सुरुवातीला एकच खिडकी पुरते. थेट ऊन येत नसेल अशी निवडा; येत असेल तर पातळ पांढरं कापड लावा. माणसाला खिडकीपासून साधारण एक मीटरवर बसवा आणि चेहरा खिडकीकडे पाऊण वळवायला सांगा. दूरच्या गालावर, डोळ्याखाली प्रकाशाचा छोटा त्रिकोण दिसला की जागा जमली. डोळ्यांत खिडकीचं प्रतिबिंब, म्हणजे तो पांढरा ठिपका, दिसतोच का ते पाहा. तो नसेल तर डोळे मेल्यासारखे दिसतात. हनुवटी किंचित वर घ्यायला सांगितली की बहुतेक वेळा येतो.

सावलीची बाजू फार काळी पडली तर त्या बाजूला चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर थर्माकोलचा पांढरा तक्ता धरा. सावली गडदच हवी असेल तर तिथे काळं कापड टांगा. पार्श्वभूमी माणसाच्या मागे दोन मीटर तरी असू द्या. खिडकीपासून दूर जाताना प्रकाश झपाट्याने कमी होतो, त्यामुळे खोलीच्या आतल्या बाजूची भिंत आपोआप काळोखी होते आणि मागचा पसारा दडतो.

खोलीतले दिवे बंद करा. हा नियम सगळ्यात जास्त वेळा मोडला जातो. खिडकीचा प्रकाश निळसर, बल्बचा पिवळा, काही ट्यूबचा हिरवट. एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या रंगाचा झाला की एडिटिंगमध्ये तो नीट करणं फार जिकिरीचं असतं. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

मॅन्युअल मोडवर शटर १/१२५ सेकंद, एफ/४, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० इथून सुरुवात करा आणि गरजेप्रमाणे आयएसओ बदला. शटर १/१२५ पेक्षा हळू झाला की बोलणाऱ्या माणसाचे ओठ आणि हात हलतात. ऑटोवर काढत असाल तर हे ध्यानात ठेवा की कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या उजळपणावर आणू पाहतो. मागे पांढरी भिंत असेल तर चेहरा काळपट येतो, तेव्हा एक स्टॉप (म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवा. मागे काळोख असेल तर कपाळ पांढरं फटक पडतं, तेव्हा कमी करा. गोरा असो वा काळा, त्वचेचा मूळ वर्ण जसा आहे तसाच दिसला पाहिजे. फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात) घ्या आणि पहिल्या फ्रेममध्ये चेहऱ्याजवळ करडं कार्ड धरा. नंतर रंग जुळवायला तोच आधार असतो.

समोरचा माणूस

‘नॅचरल राहा’ म्हटलं की माणूस आणखी आखडतो. काय करायचं ते सांगा: वजन एका पायावर घ्या, खांदे सोडा, श्वास पूर्ण बाहेर टाका. श्वास सोडल्यानंतरचा तो क्षण टिपा, तेव्हा जबडा सैल झालेला असतो. डोळे ताणलेले दिसले तर मिटून तीनपर्यंत मोजून उघडायला सांगा. हातांना काहीतरी काम द्या, पण त्यांचं रोजचं. कॅमेऱ्याआड तोंड लपवून गप्प बसू नका. ट्रायपॉड लावला तर बोलता बोलता बटण दाबता येतं. चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर कानांवरच्या काड्या अर्धा सेंटीमीटर वर उचला, काच खाली झुकते आणि चमक जाते.

चौकट मनगट, कोपर, गुडघा किंवा घोट्यावर कापू नका, अवयव तुटल्यासारखा वाटतो. दंडावर किंवा मांडीच्या मध्यावर कापा. अंतर हेच तुमचं बंधन नसेल तर प्रत्येक बैठकीत तीन प्रकार घ्या: फक्त चेहरा, कमरेपर्यंत आणि भोवतालच्या जागेसह पूर्ण माणूस. तिसरा प्रकार विद्यार्थी टाळतात, कारण त्यात पार्श्वभूमी सांभाळावी लागते. पोर्टफोलिओत उणीव भासते ती नेमकी त्याचीच.

निवड

निवडीला फोटो काढण्याइतकाच वेळ द्या. प्रत्येक बैठकीनंतर सगळ्या फ्रेमची काँटॅक्ट शीट (छोट्या आकारात सगळे फोटो असलेला कागद) छापा, पेन्सिलने खुणा करा, आणि फोटो का टाकला ते शेजारी दोन शब्दांत लिहा: ‘डोळा धूसर’, ‘मागे खांब’, ‘हात आखडलेला’. प्रकाश कुठून होता त्याचं साधं रेखाटनही काढा. प्रक्रियेची वही द्यावी लागत असेल तर ती यातूनच तयार होते.

मग आठवडाभर फोटोंकडे बघू नका. त्यानंतर चाळीस निवडा, छोटे प्रिंट काढून जमिनीवर मांडा. एकच गोष्ट सांगणारे दोन फोटो असतील तर एक काढा, दोन्ही चांगले असले तरी. पंधरा राहिले की थांबा. एक दुबळा फोटो शेजारच्या दोन चांगल्या फोटोंनाही खाली ओढतो. आता हे फोटो त्या माणसांना न ओळखणाऱ्याला दाखवा. आजीचा फोटो तुम्हाला आवडतो तो आजीमुळे की फोटोमुळे, हे तुम्हाला एकट्याने सांगता येत नाही.

क्रम लावताना समोरासमोरच्या पानांवर नजरा आतल्या बाजूला वळू द्या. पानाबाहेर बघणारा चेहरा वाचकालाही बाहेर नेतो. सलग तीन जवळचे चेहरे लावू नका.

एडिटिंग आणि प्रिंट

दोन दिवसांत जाणारी पुटकुळी काढायला हरकत नाही. तीळ, व्रण, सुरकुत्या तशाच ठेवा; त्वचा गुळगुळीत करणारी साधनं वापरली की चेहरा प्लॅस्टिकचा होतो आणि ते लगेच ओळखू येतं. पंधराही फोटोंचा काँट्रास्ट आणि रंग शेजारी शेजारी ठेवून जुळवा. कृष्णधवल करायचं असेल तर सगळी मालिका करा. रंग बिघडला म्हणून एखादाच फोटो कृष्णधवल केला तर तो उघडा पडतो.

स्क्रीन फार उजळ ठेवली की प्रिंट हमखास गडद येतो. सगळे छापण्याआधी एका फोटोच्या तीन छोट्या प्रती काढा: आहे तशी, थोडी उजळ आणि आणखी उजळ. त्या दिवसाउजेडी पाहून ठरवा. ८ × १० इंचाच्या प्रिंटला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) २४०० × ३००० पिक्सेल लागतात. खूप कापलेल्या फ्रेममध्ये तेवढे उरतात का ते आधीच तपासा. कागद मॅट किंवा सेमी-मॅट घ्या, कारण चकचकीत कागदावर वरच्या दिव्याची चमक येऊन चेहरा झाकतो. स्क्रीनवर दाखवायच्या प्रती एसआरजीबी या स्क्रीनसाठीच्या प्रमाणित रंगव्यवस्थेत, लांब बाजू २५०० पिक्सेल ठेवून काढा. फोटोखाली माणसाने परवानगी दिलेलं नाव, काम आणि वर्ष एवढंच लिहा, आणि प्रत्येकासाठी एक जास्तीची प्रत त्याच वेळी छापून घ्या.