जेनोवातील जुन्या हवेलीत मुक्काम करताना

इटलीतील एखाद्या ऐतिहासिक हवेलीतील छोट्या हॉटेलात राहण्याची इच्छा असेल, तर फ्लोरेन्स आणि व्हेनिसच्या आधी जेनोवाचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खासगी हवेल्यांत पाहुणे उतरवणे हा येथे एकेकाळी राज्यकारभाराचाच भाग होता. जेनोवा हे प्रजासत्ताक असल्याने तेथे राजा नव्हता आणि राजदरबारही नव्हता. म्हणून १५७६ मध्ये सिनेटने शहरातील उत्तम हवेल्यांची अधिकृत यादी करवली. परराज्यातील राजपुत्र, कार्डिनल (कॅथलिक चर्चमधील वरिष्ठ धर्माधिकारी) किंवा राजदूत आले, की या यादीतील घरमालकावर त्यांच्या आतिथ्याची जबाबदारी येत असे. या याद्यांना ‘रोल्ली’ म्हणत. पुढील काळात त्या अनेकदा नव्याने करण्यात आल्या आणि घराच्या प्रतीनुसार कोणत्या मानाचा पाहुणा कोठे उतरेल हेही ठरू लागले. त्यांतील ४२ हवेल्यांचा समावेश २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. आज या आणि आसपासच्या जुन्या इमारतींत संग्रहालये, कचेऱ्या आणि राहती घरे आहेत, तर काहींच्या एखाद-दुसऱ्या मजल्यावर मोजक्या खोल्यांची हॉटेले चालतात.

अशा ठिकाणी खोली निवडताना हॉटेलच्या नावापेक्षा मजल्याकडे अधिक लक्ष द्यावे. तळमजल्यावर कोठारे आणि पागा असत. त्याच्या वरचा ‘पिआनो नोबिले’ हा मालकाचा मानाचा मजला, म्हणून उंच छते, मोठ्या खिडक्या आणि भित्तिचित्रे तेथेच असतात, आणि जेनोवात अनेकदा असे दोन मजले एकावर एक आढळतात. अगदी वरचे, ठेंगण्या छताचे मजले नोकरमाणसांचे असत. संकेतस्थळावर दिवाणखान्याचे देखणे छायाचित्र असते, पण आपल्याला मिळणारी खोली पोटमाळ्यावरची असू शकते. म्हणून आरक्षणापूर्वी ईमेल करून त्याच खोलीचे, छतासह काढलेले छायाचित्र मागवावे. छतावरील चित्राची चौकट एखाद्या भिंतीशी मध्येच तुटलेली दिसली, तर मूळ दालन विभागून तेथे दोन खोल्या काढल्या आहेत असे समजावे. अशी नंतर घातलेली भिंत पातळ असेल, तर शेजारचे बोलणे स्पष्ट ऐकू येते. झोप सावध असणाऱ्यांनी चित्रित छताचा मोह थोडा आवरून इमारतीच्या आतल्या चौकाच्या बाजूची खोली मागावी, कारण जुन्या शहरातील अरुंद गल्ल्यांत रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते आणि तो आवाज दगडी भिंतींमधून थेट वर चढतो.

आई-वडिलांना घेऊन जाणार असाल, तर लिफ्टची चौकशी नेमक्या शब्दांत करावी. ‘लिफ्ट आहे का?’ एवढेच विचारले तर उत्तर होकारार्थी येते, पण जेनोवा डोंगरउतारावर वसलेले असल्याने अनेक हवेल्यांत प्रवेशद्वारापासून आतल्या चौकापर्यंतच बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात आणि लिफ्ट त्यानंतर सुरू होते. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत आणि लिफ्टमधून उतरल्यावर खोलीपर्यंत किती आहेत, हे दोन्ही विचारावे. संरक्षित इमारतीत लिफ्ट बसवणे, भिंत फोडणे किंवा दर्शनी बाजूस वातानुकूलन यंत्र लावणे यासाठी वारसा खात्याची परवानगी लागते, त्यामुळे ही उणीव नेहमी मालकाच्या हयगयीमुळे असते असे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी वातानुकूलनाविषयीही आधीच लेखी खात्री करून घ्यावी.

पोचण्याची वेळ कळवणे येथे फार महत्त्वाचे आहे. लहान हॉटेलात स्वागतकक्षावर रात्रभर कोणी नसते, आणि रस्त्यावरून दिसतो तो केवळ एक प्रचंड बंद दरवाजा, ज्यात आपल्याकडच्या वाड्याच्या दिंडीसारखे लहान दार असते. बाहेरच्या घंटांच्या फलकावर हॉटेलची घंटा कोणत्या नावाने आहे, हे विचारून ठेवावे. गाडी भाड्याने घेऊन थेट दारात जाण्याचा बेत करू नये. जुन्या शहरातील अनेक गल्ल्यांत गाडी शिरतच नाही, आणि जेथे शिरते तेथील मर्यादित वाहतुकीच्या क्षेत्रावर कॅमेरे असल्याने दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. मिलानहून रेल्वेने पियात्सा प्रिंचिपे स्थानकावर उतरून, रोल्ली हवेल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या विया गारिबाल्दी या रस्त्याच्या परिसरात पायी जाता येते, मात्र सामान हलके असावे.

हॉटेलात प्रवेश करताना प्रत्येकाचा पासपोर्ट मागितला जातो, कारण पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणे हॉटेलवर बंधनकारक आहे. दर माणशी दर रात्रीचा पर्यटक कर बहुधा आरक्षणाच्या रकमेत धरलेला नसतो, तो तेथेच भरावा लागतो. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाकरिता निवासाचा पुरावा लागत असल्याने, व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारेच आरक्षण घ्यावे आणि त्यावर सर्व प्रवाशांची नावे पासपोर्टप्रमाणे लिहून मागावीत.

खोलीत विजेचा कुकर लावून खिचडी करण्याची आपल्याकडील अनेकांची सवय येथे कटाक्षाने टाळावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कित्येक वर्षे टिकलेल्या चुन्याच्या गिलाव्यावरील रंगांना वाफ अपायकारक असते, शिवाय जुन्या वायरिंगवर तो भार पेलेलच असे नाही. ओले कपडे जुन्या लाकडी सामानावर वाळत घालू नयेत. न्हाणीघरात शॉवरजवळ लोंबणारी दोरी ही मदत मागवण्याची घंटा असते, कपड्यांसाठी बांधलेली दोरी नव्हे. भारतीय तीन पिनांचा प्लग तेथील सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून अडॅप्टर सोबत न्यावा.

शाकाहारी मंडळींची जेवणाची सोय बाहेर चांगली होते. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढ्यावर मोठ्या तांब्याच्या परातीत, कडक तापलेल्या भट्टीत भाजलेली फारिनाता गरम असतानाच खावी. पेस्तो या बेसिलच्या पानांच्या चटणीतील पार्मेजान चीज प्राण्यांपासून मिळणाऱ्या रेनेटने विरजलेले असते, त्यामुळे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी ते चीज न घातलेला पदार्थ मागावा. नाश्त्याला फोकाच्चा हा ऑलिव्ह तेल लावलेला चपटा पाव कॉफीत बुडवून खाणारे स्थानिक लोक दिसतील. तसे अवश्य करून पाहावे.

मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी पालात्सो स्पिनोला हे संग्रहालय पाहून घ्यावे. तेथे जुन्या घराण्याची दालने त्यांच्या सामानासह राखलेली असल्याने, आपण ज्या खोलीत झोपणार आहोत ती मूळ घरात कोणत्या उपयोगाची असावी, याचा अंदाज येऊ लागतो. वसंत आणि शरद ऋतूत ‘रोल्ली डेज’ या उपक्रमात एरवी बंद असलेल्या अनेक हवेल्या लोकांसाठी उघडतात. त्या दिवसांत जायचे असेल, तर खोली बरीच आधी राखून ठेवावी आणि रविवारीही हवेल्या पाहता याव्यात म्हणून परतीचा दिवस रविवार न धरता सोमवार धरावा.