ॲनिमेशनने अल्गोरिदम शिकवताना या चुका टाळा

बबल सॉर्टचं (शेजारच्या दोन आकड्यांची तुलना करत, क्रम चुकला असेल तर त्यांची अदलाबदल करणारी पद्धत) ॲनिमेशन लावलं की अख्खा वर्ग टक लावून बघतो, माना डोलावतो. मग कोऱ्या कागदावर 7, 3, 9, 2, 6 ची पहिली फेरी लिहायला सांगा. 3, 7, 2, 6, 9 पर्यंत पोचायच्या आतच बऱ्याच पेन्सिली थबकतात.

पहिली चूक इथेच होते: प्ले दाबून बाजूला उभं राहणं. हंडहाउजन, डग्लस आणि स्टॅस्को या संशोधकांनी 2002 मध्ये अल्गोरिदमच्या ॲनिमेशनवरच्या 24 प्रयोगांचा आढावा घेतला. विद्यार्थ्यांना काय दिसतं, यापेक्षा ते त्या चित्राचं काय करतात याला जास्त महत्त्व आहे, असं त्यांना आढळलं. म्हणून प्रत्येक अदलाबदलीआधी पॉज करा, पुढे काय होईल ते वहीत लिहून घ्या आणि मगच पुढची पायरी दाखवा. तास लांबतो, पण त्याला इलाज नाही.

दुसरी चूक पटकन लक्षात येत नाही. पडद्यावर 7 आणि 3 दाखवणारे दोन खांब एकाच वेळी सरकत जागा बदलतात. ते पाहिलेला विद्यार्थी सरळ a = b; b = a; लिहितो आणि 7 गायब होऊन दोन्हीकडे 3 उरतो. दोष त्याचा नाही, एक किंमत बाजूला जपून ठेवणारं तात्पुरतं व्हेरिएबल चित्रात कधी दिसलंच नव्हतं! मर्ज सॉर्टमध्येही (यादीचे भाग वेगवेगळे क्रमाने लावून मग जोडणारी पद्धत) जादाचा ॲरे, म्हणजे आकडे ठेवायची जादा यादी, लपवला की हाच घोळ. अशी चूक वारंवार दिसली तर ॲनिमेशनशेजारी कोड ठेवा, चालू ओळ रंगवा आणि व्हेरिएबलच्या किमतीही दाखवा.

इनपुट दरवेळी रँडम ठेवू नका. पहिलाच घटक पिव्हट (बाकीच्यांची ज्याच्याशी तुलना होते तो आकडा) धरणाऱ्या क्विक सॉर्टला आधीच क्रमाने लावलेले 8 आकडे द्या. तुलना होतात 28, म्हणजे बबल सॉर्टच्या कमाल तुलनांइतक्याच. 'क्विक' नावावरचा विश्वास जरा डळमळतो, आणि तो डळमळायलाच हवा. सिलेक्शन सॉर्टला (उरलेल्यातला सर्वात लहान आकडा शोधून अदलाबदलीने पुढे आणणारी पद्धत) 4अ, 4ब, 2 द्या, उत्तर 2, 4ब, 4अ येतं. दोन्ही 4 ना एकच रंग असेल तर स्टेबल नसणं (सारख्या आकड्यांचा मूळ क्रम न टिकणं) म्हणजे काय, ते कुणाला दिसणारच नाही.

दोन ॲनिमेशनची शर्यत लावणार असाल, तर घड्याळाऐवजी तुलनांचा आकडा दाखवा. पडद्यावरचा वेग स्लायडर ठरवतो.